फासा आणि तुरा : नर-पक्ष्याच्या जोमाविषयीच्या ज्ञानाचा इतिहास

भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग बडनेरा सोडल्यावर पोहरा-मालखेडच्या टेकड्यांच्या कडेने चांदूरला येतो. हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. आणि त्याच जिल्ह्यातील चांदूर बाजारापासून वेगळे ओळखता यावे म्हणून या गावाच्या नावाला ‘रेल्वे’ हे उपपद कायमचे जोडले गेले. स्थानकाभोवतीची काळी जमीन कापसाची. पण टेकड्यांच्या बाजूस सरकावे तसतसे शेत विरळ होते आणि खुरट्या सागाचे रान व गवताचे माळ लागतात. या माळांवर तितराच्या दोन जाती राहतात, राखी तितर आणि रंगीत तितर. पावसाळ्याच्या तोंडाशी रंगीत तितराचा नर एखाद्या दगडावर अगर वारुळावर चढून सकाळ-संध्याकाळ सारखा ओरडत असतो, आणि त्याच्या ओरडण्यास दुसऱ्या टेकाडावरून उत्तर येते.

या उत्तर-प्रत्युत्तरावरच पारध्याचा एक जुना धंदा उभा होता. वऱ्हाडातील फासेपारध्यांच्या पारंपरिक कसबांत माणसाळलेल्या नर-तितराचा आमिष म्हणून उपयोग करणे हे एक मुख्य कसब होय. पिंजऱ्यातला तितर माळावर नेऊन ठेवायचा, सभोवती जमिनीलगत फासे मांडायचे आणि दूर जाऊन बसायचे, एवढीच त्याची सामग्री. पिंजऱ्यातला नर ओरडू लागला की त्या माळाचा धनी असलेला रानटी नर प्रथम दुरून उत्तर देतो, मग जवळून देतो, आणि अखेर मान पुढे काढून, पिसे फुगवून परक्यावर धावून येतो. त्या क्षणी त्याचे लक्ष पायाखाली नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही पारध गुन्हा ठरली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात साठविलेले ज्ञान मात्र ज्ञानाच्या इतिहासातून वगळण्याचे कारण नाही. कोणता पक्षी येईल, कोणत्या महिन्यात येईल, कोणत्या हाकेला येईल आणि किती बेभान होऊन येईल, हे पारध्यास ठाऊक होते. या चारही प्रश्नांची उत्तरे पुढे ज्या एका द्रव्याच्या आधारे देण्यात आली, त्याचे नाव टेस्टोस्टेरॉन.

या द्रव्याचा इतिहास सामान्यतः प्रयोगशाळेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यात कोंबड्याचा तुरा असतो, तितराचा फासा नसतो. वस्तुतः दोन्ही साधने सारखीच जुनी आहेत, आणि दोहोंची नोंद एकाच ग्रंथात सापडते. अरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘प्राण्यांचा इतिहास’ या ग्रंथाच्या नवव्या भागात खच्ची केलेल्या कोंबड्याचे वर्णन आहे. वाढ पूर्ण झालेल्या कोंबड्यास खच्ची केले तर त्याचा तुरा फिकट पडतो, तो आरवेनासा होतो व मादीमागे लागत नाही. लहानपणीच केले तर यांपैकी कोणतेच लक्षण त्याच्या ठायी उमटत नाही. त्याच भागात शिकाऱ्याच्या आमिष-तितराचेही वर्णन आहे. रानटी थव्याचा म्होरक्या आव्हान देत आमिषावर चालून येतो व जाळ्यात सापडतो. आमिष मादीचे असेल तर पुष्कळदा नर आवाज न करता येतो, कारण त्याची हाक ऐकून दुसरा नर झुंजावयास येण्याची भीती असते. वऱ्हाडातला पारधी आणि ग्रीक ग्रंथकार यांचा परस्परांशी संबंध नाही. दोघांनी एकाच प्राणिस्वभावाचे निरीक्षण केले, एवढाच याचा अर्थ.

दक्षिणेत या निरीक्षणास राजदरबारचाही आश्रय होता. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या, बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये कुक्कुट-विनोद व लावक-विनोद, म्हणजे कोंबड्यांच्या आणि लाव्यांच्या झुंजी, यांना स्वतंत्र स्थान दिले आहे. झुंजीसाठी पक्षी पारखणे ही नराची शारीरिक अवस्था पारखण्याचीच विद्या होती. तथापि दरबारी ग्रंथाने जे प्रतिष्ठित केले, तेच पारध्याच्या हाती हलके ठरले. ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाने वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली असताना लायल याने संपादिलेले गॅझेटियर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथ १९१६ मध्ये. या दुसऱ्या ग्रंथात पारध्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या नावाची व्युत्पत्ती आहे, पोटभेद आहेत, शिकारीच्या रीती आहेत. परंतु तेथे पारधी हा वर्णनाचा विषय आहे, जाणकार नव्हे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा जाच ज्या जमातींना झाला त्यांत पारधीही होते; हा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये संपला. ज्याच्याकडे शासन संशयित म्हणून पाहत होते, त्याच्याकडे पक्षिशास्त्राने साक्षीदार म्हणून पाहिले नाही, यात नवल नाही.

शेतकऱ्याचे ज्ञान आणखी वेगळ्या वळणाचे होते. वऱ्हाडचा कापूस चांदूर, धामणगाव, बडनेरा या स्थानकांवर आला तो बैलगाड्यांतून. आणि बैल म्हणजे बडविलेला गोऱ्हा. वळू व बैल या दोहोंतील फरक कुणब्याच्या रोजच्या व्यवहारात होता. त्यामुळेच त्याच्या भाषेत ‘बळ’ आणि ‘माज’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत. बैलाला बळ आहे, माज नाही. वळूला माज आहे, म्हणून त्याला जुंपत नाहीत. बळ वर्षभर टिकते आणि चाऱ्यावर अवलंबून असते. माज हंगामी असतो आणि चारा विसरावयास लावतो. हा भेद येथे मुद्दाम नोंदविला आहे, कारण एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शास्त्राने तो काही काळ गमावला होता.

तुऱ्याची प्रयोगशाळेतील कथा सुपरिचित आहे. तिचे मर्म तेवढे येथे पुरे. अठराव्या शतकात लंडनच्या जॉन हंटर याने कोंबड्याचे वृषण दुसऱ्या पक्ष्याच्या शरीरात रोपण करून पाहिले. पण त्याचे लक्ष रोपण जगते की नाही याकडे होते, त्याच्या परिणामाकडे नव्हते. परिणामाकडे प्रथम पाहिले ते गटिंगेनच्या आर्नोल्ड बेर्टोल्ड याने. १८४८ च्या ऑगस्टमध्ये त्याने सहा कोवळे कोंबडे घेतले. दोघांचे वृषण पूर्णपणे काढून टाकले. उरलेल्यांच्या पोटात एकेक वृषण, मूळ जागेपासून सुटे करून, राहू दिले. त्यांपैकी दोघांत तर एकाचे काढून दुसऱ्यात बसविले. पहिले दोघे खच्ची कोंबड्यांसारखे वाढले, ओबडधोबड, भित्रे आणि फिकट तुऱ्याचे. दुसरे आरवू लागले, झुंजू लागले, माद्यांमागे धावू लागले. शवविच्छेदनात असे दिसले की रोपलेल्या वृषणास नवीन रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, परंतु जुने मज्जातंतू तुटलेलेच होते. तेव्हा वृषणाचा प्रभाव मज्जातंतूंतून नव्हे, तर रक्तातून सर्व शरीरभर जातो, असा निष्कर्ष त्याने काढला. १८४९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा लेख अवघा चार पृष्ठांचा आहे. बेर्टोल्डने त्याचा पाठपुरावा केला नाही. १८६१ मध्ये तो वारला आणि पन्नासएक वर्षे या लेखाकडे फारसे कोणी वळले नाही.

मधल्या काळात जे गाजले ते वेगळेच. १८८९ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ब्राउन-सेकार याने पॅरिसच्या विद्वत्सभेत जाहीर केले की कुत्र्याच्या व गिनिपिगच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्याने आपली शक्ती परत आली. ज्या रीतीने तो अर्क पाण्यात काढला होता त्या रीतीने त्यात संप्रेरकाचा अंश जवळजवळ येतच नाही. म्हणजे परिणाम मनाचा होता. परंतु त्याची चूक केवळ रसायनाची नव्हती. वृषणाच्या स्रावाला त्याने बळाचे भांडार मानले. कुणब्याच्या शब्दांत सांगावयाचे तर त्याने माज आणि बळ एकच समजले. ही समजूत आजही जाहिरातींतून जिवंत आहे.

विसाव्या शतकात बेर्टोल्डचा कोंबडा पुन्हा प्रयोगशाळेत आला, पण आता मोजमापाचे साधन म्हणून. १९०५ मध्ये स्टार्लिंगने ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरात आणला होता. पेझार याने १९११ च्या सुमारास खच्ची कोंबड्यांना अर्क टोचून त्यांचा तुरा वाढतो हे दाखविले. शिकागोच्या फ्रेड कॉख व लेम्युएल मॅक्गी यांना कत्तलखान्यांतून बैलवर्गीय नरांचे वृषण विपुल मिळत होते. त्यांतून १९२७ मध्ये त्यांनी काढलेल्या काही मिलिग्रॅम अर्काने खच्ची कोंबड्याचा तुरा पुन्हा लाल व ताठ झाला. यापुढे कोणत्याही अर्काची शक्ती ‘तुरा किती वाढला’ यावरून ठरू लागली. १९३१ मध्ये बुटेनांट याने पंधरा हजार लिटर मूत्रातून पंधरा मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन वेगळे केले. १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या लाकेर व त्याच्या सहकाऱ्यांनी वृषणातील मूळ द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविले व त्यास टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिचका यांनी ते स्वतंत्रपणे कृत्रिम रीतीने तयार केले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांत विभागले गेले.

द्रव्याचे माप तुऱ्याने ठरले, यातून एक अनवधान उद्भवले. जे जे नराचे ते ते या द्रव्याचे, असे मानण्याकडे कल झाला. याचा प्रतिवाद पक्ष्यांनीच केला. खच्ची कोंबड्याचा तुरा सुकतो खरा, पण त्याची पिसे नराचीच राहतात. उलट, अंडकोश काढलेल्या कोंबडीस कोंबड्याची पिसे येतात. वयोवृद्ध लांडोरीस मोराची पिसे फुटल्याचे एक उदाहरण जॉन हंटरनेच नोंदविले होते. पोहऱ्याच्या रानात जो मोर दिसतो त्याचा पिसारा पुं-संप्रेरकाने दिलेला नाही. लांडोरीला तो नसण्याचे कारण तिचे स्त्री-संप्रेरक आहे. पौरुषाचे प्रतीक म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे, ते प्रतीक प्रत्यक्षात स्त्री-स्रावाच्या अभावाचे चिन्ह निघावे, हा या इतिहासातील मोठा विनोद होय.

सुगरणीचे उदाहरण महाराष्ट्राला अधिक जवळचे आहे. सालिम अली यांनी १९३० मध्ये कुलाबा जिल्ह्यातील किहीम येथे या पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले. नर एकामागून एक अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन त्यांची पारख करते, पसंत पडलेल्या घरट्यात बस्तान ठेवते, आणि नर ते पूर्ण करून पुढच्या घरट्यास लागतो, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. विणकर नर असूनही मराठीने पक्ष्याला नाव दिले ‘सुगरण’, हा भाषेने मादीकडे झुकविलेला न्याय म्हणावा लागेल. पावसाळ्याच्या आरंभी नराच्या माथ्यावर पिवळा रंग चढतो. हा रंग टेस्टोस्टेरॉनचा असेल असे सहज वाटते. परंतु आफ्रिकेतील विणकर पक्ष्यांवर विट्शी याने १९३० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांत खच्ची नरांनाही विणीची पिसे आली. त्यांचे कारण मेंदूतळीच्या पोष-ग्रंथीचा स्राव होता. भारतीय सुगरणीविषयी बनारस हिंदू विद्यापीठात थपलियाळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास केलेल्या कामातून हीच दिशा पुष्ट झाली. तेव्हा पिसांचा रंग, तुरा, चोचीचा रंग आणि झुंजारपणा यांना एकाच खुंटीला बांधता येत नाही. घरचिमणीच्या नराची चोच विणीच्या काळात काळी होते ती मात्र पुं-संप्रेरकामुळेच.

एवढे होईपर्यंत पक्षी पिंजऱ्यात होता आणि संशोधक त्याच्याजवळ होता. माळावरच्या पक्ष्याच्या रक्तात काय चालते हे पाहावयाचे तर त्याच माळावर त्याला गाठणे भाग होते. अमेरिकेत जॉन विंगफील्ड याने १९८० च्या दशकात जी पद्धत वापरली, ती वाचताना वऱ्हाडी वाचकास चमत्कारिक ओळख पटते. सॉंग स्पॅरो या पक्ष्याच्या नराच्या हद्दीत त्याच जातीचा एक नर पिंजऱ्यात ठेवावयाचा, ध्वनिमुद्रित गाणे वाजवावयाचे, आणि धनी चालून आला की बारीक जाळ्यात पकडून त्याच्या रक्ताचा थेंब घ्यावयाचा. पिंजरा तोच, हाक तीच, जाळे तेच. फरक एवढाच की पक्षी सोडून दिला जातो. परक्याच्या शिरकावाने धन्याच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढते, असे या प्रयोगांतून दिसले. १९९० मध्ये विंगफील्ड व सहकाऱ्यांनी यावरून जो सिद्धांत मांडला तो आव्हानाचा सिद्धांत म्हणून ओळखला जातो. विणीसाठी लागणारी पातळी माफक असते. तिच्यावरची चढ ही झुंजीच्या प्रसंगापुरती असते, आणि पिलांना भरविण्याचा काळ आला की ती उतरते. पुढे सर्वच जातींत ही वाढ आढळली नाही, त्यामुळे सिद्धांतास मुरड घालावी लागली. तथापि मुख्य प्रश्न त्याने नेमका मांडला होता. हे द्रव्य इतके लाभदायक असेल तर नर ते वर्षभर भरपूर का बाळगीत नाही?

उत्तर शरीराच्या जमाखर्चात आहे. पक्ष्याचे वृषण विणीच्या हंगामात कित्येक शेकडो पटींनी वाढते व नंतर आकसते. उडणाऱ्या प्राण्यास नको असलेले वजन वाहणे परवडत नाही. हाच हिशेब स्रावालाही लागू पडतो. व्हर्जिनियात एलन केटरसन व व्हॅल नोलन यांनी जुंको या पक्ष्याच्या रानटी नरांच्या कातडीखाली टेस्टोस्टेरॉनच्या नळ्या बसवून त्यांची पातळी वसंतातल्या उंचीवर धरून ठेवली. असे नर अधिक गाऊ लागले, अधिक दूर फिरू लागले आणि इतरांच्या माद्यांपासून त्यांना अधिक संतती झाली. परंतु त्यांची चरबी घटली, पिसे झडून नवी येण्यास विलंब लागला, पिलांना भरविणे कमी झाले आणि ते अल्पायुषी ठरले. स्कॉटलंडच्या रेड ग्राऊजमध्ये, जो तितराच्याच गणातला पक्षी आहे, अशा नळ्या बसविलेल्या नरांच्या आतड्यांत जंतांची संख्या वाढली.

१९९२ मध्ये फोल्स्टाड व कार्टर यांनी याचा एक सर्वसाधारण अर्थ लावला. टेस्टोस्टेरॉन एकीकडे तुऱ्यासारखी लक्षणे उजळते व दुसरीकडे रोगप्रतिकारशक्ती दडपते. म्हणून ज्याचे शरीर मुळात धडधाकट आहे तोच हा भार पेलू शकतो, आणि मादीने तुरा पाहून निवड केली तर ती फसत नाही. विचार आकर्षक आहे, आणि आकर्षक विचारांना मिळते तशी प्रसिद्धी त्यास मिळाली. मात्र २००४ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित परीक्षण झाले तेव्हा प्रतिकारशक्ती दडपल्याचा पुरावा वाटला होता तितका भक्कम निघाला नाही. आज अधिक टिकाऊ वाटते ते साधे विधान. माजाच्या काळात नर अधिक धडपडतो, कमी खातो, अधिक ठिकाणी फिरतो, म्हणून त्यास जंतही अधिक लागतात आणि त्याचे वजनही उतरते. खर्च द्रव्याचा किती आणि द्रव्याने करविलेल्या वागणुकीचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. वळूच्या धन्याने ते वेगळे काढण्याचा प्रयत्नही केला नसता.

हा जमाखर्च वऱ्हाडात ज्या पक्ष्याच्या ठायी सर्वांत उघड दिसतो, तो तणमोर होय. अकोला व वाशीम जिल्ह्यांतील गवताळ माळांवर पावसाळ्यात तो विणीसाठी येतो. एरवी मादीसारखा भुरकट दिसणारा नर आषाढ-श्रावणात काळा होतो, पंखावर पांढरा पट्टा उमटतो, डोक्यामागे फितीसारखी लांब पिसे फुटतात. मग तो एका ठरलेल्या जागेवरून गवताच्या वर माणसाच्या उंचीइतका उडी मारू लागतो. एका नराने एका दिवसात पाचशेच्या आसपास उड्या मारल्याच्या नोंदी आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या जातीत नर मादीपेक्षा लहान व हलका असतो. जेथे जोम म्हणजे उडी, तेथे जड शरीर हा गुण नव्हे; नराची ‘चांगली शारीरिक अवस्था’ येथे तराजूवर मोजून कळणार नाही. उडीसाठी लागणारी शक्ती गवतातल्या कीटकांतून येते, आणि कीटक गवतातून.

येथे पुन्हा लोहमार्गापाशी यावे लागते. अमेरिकन यादवीमुळे १८६० च्या दशकात कापसाला भाव आला, पाठोपाठ आगगाडी आली, आणि वऱ्हाडातील पडीत व चराऊ माळ नांगराखाली जाण्यास जोर मिळाला. पुढील दीडशे वर्षांत गवत आणखी आटत गेले. नराच्या रक्तातील चढ दिवसाच्या लांबीवर व पावसाच्या चाहुलीवर ठरते, उरलेल्या गवताच्या क्षेत्रफळावर नव्हे. माळ अर्धा झाला म्हणून उड्या अर्ध्या होत नाहीत. ज्या उड्यांनी तो मादीस दिसतो त्यांनीच तो शिकाऱ्यासही दिसतो, आणि उडीच्या जागी फासा मांडणे हीही जुनी पारधच होती. २०२१ मध्ये जागतिक यादीत तणमोराची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. त्याच्या संरक्षणाच्या कामात अकोल्याच्या ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांनाच सहभागी करून घेतले. नर कोठे उडतो हे सांगू शकणारी माणसे तीच होती. गॅझेटियरच्या काळात जो केवळ वर्णनाचा विषय होता, त्याची साक्ष आता प्रथमच ग्राह्य धरली गेली.

चांदूरच्या माळावरील फाशात कोणता तितर सापडत असे, याचा विचार वरील पुराव्याच्या प्रकाशात केला तर उत्तर एकच येते. जो हाकेला लवकर उत्तर देतो, जो हद्दीची राखण सर्वांत नेटाने करतो, तो प्रथम जातो; शांत नर मागे राहतो. परंतु माळ रिकामा राहत नाही. सॉंग स्पॅरोच्या अभ्यासात एका हद्दीतील नर उचलून नेला असता त्या जागेसाठी झुंजणाऱ्या नव्या नराच्या आणि शेजाऱ्यांच्याही रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेले आढळले. ग्रीक ग्रंथात हीच गोष्ट शिकाऱ्याच्या बाजूने सांगितली आहे : म्होरक्या जाळ्यात सापडला की दुसरा नर तसेच आव्हान देत त्याच पिंजऱ्याकडे येऊ लागतो.